उजव्या बाजूचा खिसा

खिसा उजवीकडे होता. मावशीनं कोट ढिगातून अजून बाहेरसुद्धा काढला नव्हता. हात कोपरापर्यंत आत, मान वर, नजर भलतीकडेच, त्या पत्र्याच्या छपराकडे. कारण जुना कपडा आधी हाताला कळतो आणि मग डोळ्याला, डोळा मेला रंगाला भुलतो, असं तिचं ठाम मत. बोटांनी कॉलर धरली, कॉलरवरून ती छातीवर उतरली, खिशाची पट्टी शोधायला डावीकडे गेली, तर तिथं नुसतं सपाट कापड. मग उजवीकडे. तिथं पट्टी होती. स्टुलावर बसलेला ढीगवाला पाय हलवत फोनवर कुणाशी तरी भांडत होता, पलीकडे दोन बायका एकाच स्वेटरची एकेक बाही धरून एकमेकींकडे बघत होत्या, आणि इकडे मावशीनं ती पट्टी दोनदा, तीनदा चाचपली. पन्नाशी ओलांडलेल्या बाईनं एका जुन्या कोटाचा खिसा चाचपून घाबरावं, हे काय शोभतं का? पण घाबरली खरी. हात तसाच आत ठेवून तिनं दोनचार श्वास घेतले. "काढा की ताई बाहेर, चावत नाही तो," ढीगवाला फोन कानाशी धरूनच म्हणाला.

सकाळपासून हा तिसरा मुक्काम. पहिलं दुकान नाटकासिनेमाचे कपडे विकणारं. तिथं काचेमागे राजे, चाचे, शिपाई आणि एक अस्वल. काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, "जुना काळ म्हणजे कुठला मावशी? चकचकीत की मळका?" सत्तर वर्षांपूर्वीचा, कचेरीतला, कारकुनाचा, असं सांगितल्यावर मुलगी आतून एक तपकिरी सूट घेऊन आली. त्याच्या कोपरांवर मुद्दाम लावलेली ठिगळं, आणि शेवटच्या रांगेतून दिसावीत म्हणून त्यांना पिवळ्या दोऱ्याची कड. "हा आमचा गरीब," मुलगी कौतुकानं म्हणाली. दुसरं दुकान तीन मजली. तिथल्या विक्रेत्यानं जुन्या वळणाचा नवाकोरा कोट पुढं केला. मावशीनं अस्तरावर नख ओढलं तर असा कर्र आवाज झाला की शेजारचं गिऱ्हाईक वळून बघायला लागलं. ज्या काळात हे कापड जन्मालाच आलं नव्हतं, त्या काळाचा कोट त्यातून कसा निघणार? तिनं "बघते बघते" म्हणून काढता पाय घेतला आणि बस आगाराच्या मागच्या या गोदामात आली. इथं शहरानं टाकलेले कपडे डोंगरासारखे पडलेले असतात. दोन वाजत आले होते. चारला तालमीच्या हॉलवर पोचायचं होतं, आणि हातात अजून भोपळाच होता.

तसं हे काम तिला कुणी दिलेलंच नव्हतं, तिनंच ते ओढवून घेतलं होतं. नाटक मंडळीत ती बावीस वर्षं. इस्त्री करायची, बटणं लावायची, प्रयोग चालू असताना विंगेत उभं राहून कुणाची शिवण उसवली तर जागच्या जागी टाचायची. तोंडात कायम चारपाच टाचण्या, म्हणून नाव पडलं टाचणीमावशी, आणि पुढं झिजून झिजून नुसतं मावशी. तोंडात टाचण्या असल्या की बोलावं लागत नाही, ही सोय तिला कुणी शिकवली नव्हती. तिची तिला सापडली होती. कारण दिसायचं तिला सगळं. खाणकामगाराच्या फाटक्या बुटांना कोऱ्या नाड्या दिसायच्या. महिनाभर अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीच्या गाऊनवर घडीची करकरीत रेघ दिसायची. सैनिक उपाशी म्हणून रडायचा आणि त्याचा पट्टा मात्र सैल करून शेवटच्या भोकात. दिसायचं आणि ती टाचण्या चावत गप्प राहायची. आपण बरं आणि आपली इस्त्री बरी. वेशभूषा करणाऱ्या मॅडम शिकलेल्या, त्या चित्रं काढायच्या, त्यांच्या चित्रांना वास नसायचा एवढंच. त्या मॅडमना परवा सिनेमाचं काम मिळालं आणि नाटक पंधरा दिवसांवर आलेलं असताना त्या निघून गेल्या. दिग्दर्शकानं डोक्याला हात लावला आणि मग भाड्यानं कपडे देणाऱ्या कंपनीला फोन लावला. "सगळं एकगठ्ठा देतात म्हणे, नऊ कारकून, एक साहेब, बायका, सगळं," तो कुणाला तरी सांगत होता. कोपऱ्यात चादरीला इस्त्री करणारी मावशी म्हणाली, "मी आणते." स्वतःचा आवाज ऐकून ती स्वतःच दचकली. टाचण्या तिनं केव्हा काढल्या हेही तिला कळलं नव्हतं. दिग्दर्शक तिच्याकडे अशा नजरेनं बघत राहिला, जसा एखादा माणूस बोलणाऱ्या खुर्चीकडे बघेल. मग म्हणाला, "मावशी, उद्या चारला त्या कंपनीचा माणूस सही घ्यायला येतोय. तोवर तिसऱ्याचा कोट आणा. एकच. तो बघून ठरवू." म्हणजे कोट पटला तर अख्खं नाटक तिच्या हाती. नाही पटला तर इस्त्री कुठं पळून चालली नव्हती.

तिसरा म्हणजे नायक. नाटक एका कचेरीतलं. साहेब सगळ्यांना एका खोट्या कागदावर सही करायला सांगतो, आठ कारकून करतात, एक करत नाही, एवढीच गोष्ट. दिग्दर्शकाला कुठून तरी त्या काळचा एक फोटो मिळाला होता: नऊ कारकून ओळीनं उभे, मागं फायलींची कपाटं. तो मोठा करून त्यानं तालमीच्या भिंतीवर लावला होता आणि त्यातल्या एकेका चेहऱ्यावरून एकेक पात्र बांधलं होतं. डावीकडून तिसरा माणूस हनुवटी वर करून उभा होता, हातातलं घडी घातलेलं वर्तमानपत्र छातीशी धरून. "बघा याचा माज!" दिग्दर्शक म्हणायचा. "हा कुणाच्या बापाला भीत नाही. म्हणून तर सही करत नाही." आणि नायकाचं काम करणारा गुणी पोरगा सहा आठवडे माज करून करून घसा बसवून बसला होता. माज चांगला जमायचा त्याला, पण बघणाऱ्याला वाटायचं, एवढा माजोरडा आहे तर करू दे की सही, आपलं काय जातं? हे सगळ्यांना जाणवत होतं, सांगता कुणालाच येत नव्हतं.

आता तिनं कोट बाहेर ओढला. काळपट राखाडी, जाड लोकर, खांद्यावर धूळ बसून पांढुरका झालेला. खरंच उजवीकडे खिसा. तिनं उजव्या कडेवरची बटणं एकेक करून अंगठ्यानं बाजूला सारली, आणि प्रत्येक बटणाखाली, अगदी बारीक, केसाएवढ्या टाक्यांची एकेक बुजवलेली फट. बुजवलेली काजं. डाव्या कडेला नवी पाडलेली. रफू असं की डोळ्यानं बघून शपथेवर सांगावं, इथं काही नाही. नखाला मात्र कळत होतं. "उलटवलाय," ती पुटपुटली. "तेच सांगतोय," ढीगवाल्यानं फोन एकदाचा खिशात घातला. "कारखान्याची चूक आहे ताई. उलटा शिवलाय कुणी येड्यानं. नाही तर बायकांचा असेल. चार महिने पडलाय, कुणी हात लावत नाही. न्या तुम्ही, जागा तरी होईल." कारखान्याची चूक! तिला एकाएकी असा राग आला त्या बिचाऱ्या माणसाचा. "चूक नाही हो दादा," ती म्हणाली, "हे एका बाईचं पंधरा दिवसांचं काम आहे." ढीगवाल्यानं कोटाकडे बघितलं, मग तिच्याकडे बघितलं, आणि बहुधा मनात म्हणाला असेल, आज सकाळी कुणाचं तोंड बघितलं. भाव करायचा असतो हेसुद्धा ती विसरली. त्यानंच आपणहून कमी केला.

पंधरा दिवस लागतात हे तिला ठाऊक होतं, कारण ते तिनं जमिनीवर बसून मोजले होते. बाबा कचेरीत कारकून. कोट एकच. कोपरं चकाकायला लागली, कॉलर विटली, आणि नव्याचं नाव काढायची सोय नव्हती, तेव्हा आईनं एका रविवारी तो कोट चटईवर पालथा घातला आणि दाढीच्या पात्याच्या अर्ध्या तुकड्यानं टाका टाका उसवायला घेतला. शिवणीच्या आत सात वर्षांचा कचरा. ती सात वर्षांची, म्हणजे कोट आणि ती एकाच वयाची, याचं तिला फार अप्रूप वाटलं होतं. तिच्याकडे काम होतं तुटलेले दोरे वेचायचं, बोट ओलं करून, एकही राहू न देता. सगळा कोट तुकडे होऊन पसरला होता, बाह्या इकडे, पाठ तिकडे, आणि बाबा दारातून बघत म्हणाले होते, "अगं, हा परत माणसात येणार आहे ना?" आई म्हणाली, "अहो, तुम्ही आधी बाजूला व्हा, उजेड अडतोय." कापडाची आतली बाजू काळीभोर होती, जशी दुकानातून आली असेल तशी. आईनं आतलं बाहेर केलं आणि बाहेरचं आत. मात्र कोट उलटवला की आरशात बघितल्यासारखं सगळं फिरतं. डावा पदर उजवा होतो, त्याबरोबर काजं पलीकडे जातात आणि छातीवरचा खिसाही. काजं बुजवता येतात, नवी पाडता येतात. खिशाचं काही करता येत नाही, तिथं कापडच कापलेलं असतं. शेवटच्या दिवशी ओल्या फडक्यावरून इस्त्री फिरली, घरभर लोकरीचा वाफाळलेला वास सुटला, आणि बाबांनी कोट अंगात घालून पेन अडकवायला हात डावीकडे नेला. तिथं खिसाच नाही. हात हवेत राहिला. मग उजवीकडे. "जरा सवय होईल," आई म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून बाबा वर्तमानपत्राची घडी उजव्या छातीशी धरून कचेरीत जायला लागले. ते पत्र ते वाचत नसत, नुसतं धरत.

बसमध्ये कोट मांडीवर घेऊन ती बसली तेव्हा हे सगळं असं ओळीनं नव्हे, एकदम, एकाच वासासारखं आलं, आणि त्याच्या मागोमाग ते दुसरंही आलंच, जे येऊ नये म्हणून ती आयुष्यभर टाचण्या चावत होती. कचेरीचा वार्षिक समारंभ. घरच्यांना घेऊन या म्हणाले होते. लांब टेबल, चहा, बिस्किटं, आणि भिंतीला लागून उभे राहिलेले सगळे कोटवाले काका. बडे साहेब आपलं पोट सांभाळत मोठ्या कष्टानं तिच्यापुढं वाकले आणि म्हणाले, "काय छोट्या बाई, बाबांनी नवा कोट घेतला वाटतं?" तिला काय आनंद झाला! कुणी तरी विचारलं एकदाचं! ती सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "नवा नाही काही! आमच्या आईनं उलटा केलाय! खरं नाही वाटत? बाबा, ते पत्र काढा ना, खिसा बघू दे त्यांना!" खोली गप्प झाली. कुणाचा तरी चमचा बशीवर वाजला. आणि मग हसू फुटलं, आधी एकाला, मग सगळ्यांना, मोठमोठ्यानं, टेबलावर हात आपटून. बाबांची मान खाली. आईचे कान लाल. घरी येईपर्यंत बाबा एक शब्द बोलले नाहीत आणि आई एवढंच म्हणाली, "कार्टीच्या जिभेला हाड म्हणून नाही." बस. कुणी मारलं नाही, रागावलं नाही. तिनं स्वतःच स्वतःला शिक्षा देऊन टाकली, जन्माची. जे दिसतं ते बोलायचं नाही. बोललं की कुणाची तरी मान खाली जाते.

उतरायचा थांबा आला आणि तिला उठवेना. कारण आता फोटो डोळ्यांपुढं उभा राहिला होता. सहा आठवडे त्या भिंतीखाली बसून तिनं कपड्यांना इस्त्री केली होती, आणि पहिल्याच दिवशी तिला दिसलं होतं. दिसलं नव्हतं असं खोटं कशाला बोला. तिसऱ्याचा खिसा उजवीकडे होता. वर्तमानपत्राच्या वरून पट्टीचं एक टोक डोकावत होतं. मॅडमनाही ते दिसलं होतं, त्यांनी फोटोच्या कडेला पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहून ठेवलं होतं: 'फोटो उलटा छापला आहे, खिसा डावीकडे घ्यावा.' आणि मावशी गप्प बसली होती. मॅडम शिकलेल्या. पण बस सुटायच्या बेतात असताना, एक पाय पायरीवर आणि एक खाली असताना, तिला आणखी एक गोष्ट सुचली, इतकी साधी की तिनं कपाळावर हात मारला आणि कंडक्टर म्हणाला, "काय विसरलं काकू?" "काही नाही," ती म्हणाली, "सापडलं."

हॉलमध्ये भाड्याच्या कंपनीचा कॅटलॉगवाला आधीच येऊन बसला होता. पांढरे दात, पांढरे बूट, गुडघ्यावर एक चकचकीत पाटी, आणि पाटीवर बोट फिरवलं की एकामागून एक हसरे तरुण सूट घालून सरकत जात होते. दिग्दर्शक त्याच्या शेजारी, नायक कठड्यावर पाय सोडून बसलेला, बाकीचे कारकून इकडेतिकडे. मावशीनं कोट पिशवीतून काढला, एकदा झटकला, धूळ उडाली, कॅटलॉगवाला दोनदा शिंकला. दिग्दर्शकानं कोट हातात घेतला, वजन बघितलं, आणि त्याचा चेहरा क्षणभर उजळला. "कापड काय आहे हो!" मग त्याला खिसा दिसला. "अरे देवा. मावशी, हा बायकांचा आहे." "नाही सर." "मग चुकून उलटा शिवलाय. बघा ना." कॅटलॉगवाला हसला. "प्रेक्षक काय म्हणतील? हिरोच्या कोटाचा खिसा भलतीकडे! आमच्याकडे सेम पीस आहे सर, फ्रेश." दिग्दर्शकानं कोट हळूच टेबलावर ठेवला, अगदी प्रेमानं ठेवला, त्यामुळं जास्तच लागलं. "मावशी, तुम्ही एवढी पायपीट केलीत..." तो म्हणाला. पुढचं वाक्य काय असणार हे तिला पाठ होतं. तिचा हात सवयीनं पदराला लावलेल्या टाचण्यांकडे गेला. एक टाचणी ओठांपर्यंत आलीसुद्धा. मग तिला तो ढीगवाला आठवला, कारखान्याची चूक, कुणी येड्यानं, आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं टाचणी परत पदराला लावली.

"सर, तो फोटो बघा," ती म्हणाली.

"बघितलाय हो. फोटो उलटा छापलाय, मॅडमनी लिहून ठेवलंय तिथं."

"एकट्या तिसऱ्यापुरताच उलटा छापला का?" मावशीचा आवाज चढत होता. "फोटो उलटा असता तर नऊच्या नऊ खिसे उजवीकडे गेले असते. बाकीच्या आठांचे बघा की."

सगळे उठले. कॅटलॉगवालासुद्धा उठला, पाटी पोटाशी धरून. भिंतीपुढं गर्दी झाली, कुणी तरी बोटानं मोजायला लागलं, डावा, डावा, हा झाकलाय, नाही दिसतोय, डावा. दिग्दर्शकानं चष्मा कपाळावर सरकवला, परत खाली घेतला. "आठ डावीकडे," तो म्हणाला. "सहा आठवडे मी या माणसाच्या डोळ्यांत बघतोय," तो मग स्वतःशीच बोलल्यासारखा बोलला, "खाली चार बोटं बघितलं नाही कधी."

आता बांध फुटला. मावशी बोलायला लागली. कोट उलटवतात म्हणजे काय करतात, का करतात, पातं कसं धरतात, काजं कशी बुजवतात. तिनं एकेकाचा अंगठा धरून बटणाखाली नेला आणि रफू चाचपायला लावलं. "हा माज नाही सर," ती म्हणाली. "हा माणूस काही तरी लपवतोय. वर्तमानपत्र बघा, कुठं धरलंय? खिशावर. उजव्या छातीशी पत्र दाबून धरलं की हनुवटी आपोआप वर जाते, त्याला तो काय करणार? त्याच्याकडे दुसरा कोट नाही. ही नोकरी गेली तर हाही टिकणार नाही, परत तर उलटवता येत नाही ना! एकदाच उलटवता येतो कोट. आणि असा माणूस म्हणतोय, सही करणार नाही." नायक कठड्यावरून उतरला. त्यानं कोट अंगात घातला. खांदे बरोबर बसले, बाही जरा आखूड, असू दे, असायचीच. संहितेत खोचलेलं पेन काढून त्यानं सवयीनं हात डावीकडे नेला. हात हवेत राहिला. त्यानं तो उजवीकडे नेला, पेन अडकवलं, आणि लगेच, कुणीही न सांगता, संहितेची गुंडाळी करून पेनावर दाबून धरली. हनुवटी वर गेली. "मी सही करणार नाही," तो म्हणाला. ओरडला नाही. सहा आठवडे ओरडत होता ते वाक्य तो इतकं हळू बोलला, जसं कुणी सगळं गमावायच्या आधी एकदा घराकडे बघून घेतं. मागे उभ्या असलेल्या साहेबाचं काम करणाऱ्या नटानं आपणहून एक पाऊल मागं घेतलं. "परत," दिग्दर्शक म्हणाला आणि तिथल्या तिथं जमिनीवर बसला. "परत म्हण." तो परत म्हणाला. कॅटलॉगवाल्यानं पाटी बंद केली. "सर, आमच्याकडे असा पीस नाही," तो म्हणाला, आणि खरं सांगायचं तर त्याचेही डोळे जरा ओले झालेले होते, बिचाऱ्याचा काय दोष.

कोट न काढताच नायक मावशीजवळ येऊन बसला. "मावशी, तुम्हाला हे हनुवटी वर जाणं वगैरे सगळं कसं माहीत?" आणि मग तिनं तेही सांगून टाकलं. बाबा, आई, समारंभ, बडे साहेब, ती आणि तिची बिनहाडाची जीभ. कुणालाही, नवऱ्याला, मुलीला, कधीही न सांगितलेलं, दहाबारा नटांपुढं सांगितलं. "सगळी कचेरी हसली रे," ती म्हणाली. "आणि मग? बाबांनी काय केलं दुसऱ्या दिवशी?" पोरानं विचारलं. "काय करणार," ती म्हणाली, "गेले आपले कामाला, आणि..." आणि थांबली. काय केलं? चाळीसपंचेचाळीस वर्षांत हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता, तिनंही स्वतःला विचारला नव्हता. तिची गोष्ट नेहमी त्या हसण्यापाशी संपायची, पुढं दार बंद. दुसऱ्या दिवशी बाबा घरी आले ते दारातून कसे आले? वर्तमानपत्र होतं की. होतं, पण छातीशी नव्हतं. काखेत होतं, मोठं, फुगलेलं, सुतळीनं बांधलेलं. आईनं सुतळी सोडली आणि आतून कोट निघाला. बाबांचा नव्हता, बाबांचा तर अंगात होता. "अगं, त्यांनी विचारलंय," बाबा म्हणाले होते, "तुला जमेल का." तो झाल्यावर दुसरा. त्या हिवाळ्यात चटईवरून कोट हललाच नाही. एकाला तंबाखूचा वास, एकाच्या बाहीवर शाईचा डाग, एक इतका तोकडा की आईला हसू यायचं. ती दोरे वेचायची, बोट ओलं करून. तिला वाटायचं, आपण बोललो म्हणून घरात हे काम आलं, आपल्यामुळं आईला राबावं लागतं. अगं बाई! ते कुणाचे कोट होते? त्या भिंतीला लागून उभ्या असलेल्या काकांचे! चमचा वाजला तेव्हा गप्प झालेल्या, टेबल बडवून हसलेल्या माणसांचे! प्रत्येकाच्या घरी खुंटीला एक चकाकलेला कोट होता आणि प्रत्येकाला वाटत होतं, आपल्या एकट्याकडेच आहे. ती बोलली आणि खोलीतल्या सगळ्यांचा जीव एकदम हलका झाला, म्हणून ते हसले. बाबांची मान खाली होती खरी, पण ते आईकडे बघत होते का? आईचे कान लाल होते, ते कशानं?

"मावशी?" नायकानं तिच्या हाताला हात लावला.

"अरे, आणि एक कोट असा होता," ती एकदम म्हणाली, आणि तिचा आवाज असा वर चढला की पलीकडचे सगळे जवळ सरकले, "एवढा मोठा, एवढा मोठा, की मी आणि माझा दादा दोघं त्यात शिरलो तरी बटण लागायचं! आम्ही त्यात तंबू तंबू खेळायचो. आत रेशमी अस्तर! आई ओरडायची, अरे बाहेर निघा, कुणाचा आहे माहीत आहे का!" ती हसायला लागली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "त्या कचेरीत एवढं पोट एकाच माणसाचं होतं रे! बड्या साहेबांचं! त्यांचासुद्धा उलटवला आमच्या आईनं!" हॉल हसून हसून फुटला. साहेबाचं काम करणारा नट लगेच आपलं पोट पुढं काढून, उजव्या छातीवर हात ठेवून चालायला लागला. दिग्दर्शक ओरडला, "हे ठेव! हे नाटकात ठेव!" मावशीनं डोळे पुसले. आपण त्या माणसांना हिवाळाभर ताठ मानेनं फिरवलं. आपण बोललो म्हणून.

कॅटलॉगवाला केव्हा गेला कुणालाच कळलं नाही. एकेक जण पांगला, नायक कोट घालूनच आरशापुढं येरझाऱ्या घालायला लागला. दिग्दर्शक मात्र फोटोपुढंच उभा होता, हात पाठीशी बांधून. त्यानं मान वळवून पाहिलं, मग शाळेतल्या पोरानं बाईंना विचारावं तसं खालच्या आवाजात विचारलं, "मावशी, या उरलेल्या आठांत मला न दिसलेलं अजून काही आहे का?"

मावशीनं एक खुर्ची ओढली, भिंतीसमोर नीट लावली आणि तिच्यात बसली. दुसरी त्याच्यासाठी ओढली.

"बसा सर," ती म्हणाली. "चहा सांगा. वेळ लागेल."